चिंचेनं घासलेला पुरावा

आमच्या घरमालकीणमामीइतकी स्वच्छ बाई कुंभकोणमात दुसरी नव्हती. कुंभकोणमात म्हणते ते भिडेखातर. खुद्द कावेरीला कधी न्हावंसं वाटलं असतं तर ती मामीच्या विहिरीवर आली असती, आणि मामीनं तिला मागल्या दारात थांबवून आधी पाय धुवायला लावले असते. मामी माझ्या नात्यातली नव्हे. तिकडे ओळखीच्या कुठल्याही पोक्त बाईला मामी म्हणायची रीत आहे. तिच्या घराच्या माडीवर आम्ही तिघं, आई, वडील आणि मी, अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. खाली मामी एकटी. तिचे यजमान वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांची तसबीर ओसरीवर होती आणि ती रोज ओल्या फडक्यानं पुसली जाई, त्यामुळे कडेकडेनं आत पाणी शिरून यजमान दर वर्षी थोडे थोडे फिके होत चालले होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मिशा शिल्लक होत्या. मी शाळा संपवून परत आले तेव्हा त्याही गेल्या होत्या.

बाहेरून आलेली कुठलीही वस्तू पाणी लागल्याशिवाय मामीच्या घरात जात नसे. भाजी, फळं, नवं लुगडं, विहिरीचा नवा दोर, सगळ्यांना एकच न्याय. सरपणसुद्धा ती धुऊन घेई, मग ते पेटत नसे, मग वखारवाला ओली लाकडं विकतो म्हणून ती त्याला बोल लावी. मीठ धुण्याचा प्रयत्न तिनं आयुष्यात एकदाच केला. टपालवाला पत्रं ओट्याच्या कडेला ठेवून चार पावलं मागं सरे. मामी त्यांवर पाणी शिंपडी, शाई पसरे, आणि उरलेल्या अक्षरांतून ती जगाच्या बातम्या लावून घेई. तिरुनीलक्कुडीच्या तिच्या भावानं मुलीच्या लग्नाची तिथी कळवली होती. ती तिथी अशीच वाहून गेली. मामी मुरुक्कूची, म्हणजे चकल्यांची, टोपली घेऊन पोचली ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. मांडव उतरवत होते. भाऊ चिडला, तर मामी म्हणाली, "झालं लग्न तर झालं. मुलगी काय पळून जाते की काय? पान मांड, आणि पान धुतलेलं असू दे."

ओट्यावर पाहुणे बसलेले असतानाच ती ओटा धुवायला घेई. "पाय वर घ्या," एवढंच सांगे. मग कुणी कितीही मोठा असो, नावेत बसल्यासारखे गुडघे जवळ घेऊन बोलणं चालू ठेवायचं. नगरपालिकेचे एक अधिकारी घरपट्टीबद्दल दरडावायला आले होते, ते त्या नावेत बसून इतके नरमले की जाताना नमस्कार करून गेले. यात जात नव्हती असं मी म्हणणार नाही. होती; त्या गल्लीत पाण्याच्या थेंबाथेंबात ती होती. पण मामीच्या लेखी शंभर टक्के स्वच्छ असं माणूस जगात कुणीच नव्हतं. स्वतःबद्दलही तिला खात्री नसे. दिवसातून तीनदा न्हाई, आणि तिसऱ्यांदा न्हाऊन येताना चेहऱ्यावर संशय असे.

मला ती 'इंग्रजी' म्हणे. मी तिरुच्चीच्या कॉन्व्हेंटात, वसतिगृहात राहून शिकले, म्हणून. आमची तंजावरी मराठी तशी जुनाट. पुण्याचे एक पाहुणे आले होते, त्यांनी वडिलांना अगदी सरळपणे विचारलं होतं की तुम्ही घरात बखर वाचता का. मामीची मराठी त्याहूनही मागची. शाळा संपवून मी ट्रंकेसह दारात उभी राहिले तेव्हा तिनं मला आणि ट्रंकेला एकदमच विहिरीवर नेलं. ट्रंकेत मला बक्षीस मिळालेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. मी रडले, आवाज न करता, जशी मी रडते.  त्यानंतर चार दिवस दुपारभर मामी ताडाच्या पंख्यानं त्या पुस्तकाला वारा घालत बसली होती, एकेक पान सोडवत. पाचव्या दिवशी ते फुगलेलं पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, "घे गे इंग्रजी. आता त्यास हात लावून जेवलीस तरी चालेल." ते पुस्तक पुन्हा कधी नीट मिटलं नाही. मी ते अजून ठेवलं आहे.

आणि तिचं काशाचं भांडं. तिकडे भात काशाच्या भांड्यात शिजवतात, त्याला वेंगलपानै म्हणतात. जाड, गोल, गळ्याशी आवळलेलं, रिकामं असलं तरी दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं. मामीच्या सासरी ते तंजावरच्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आलं, असं ती सांगे. ते खरं असेलच असं नाही. तंजावरहून आलेल्या प्रत्येक मराठी घरात निदान एक तरी भांडं राजवाड्यातून आलेलं असतं. ते ती चिंचेनं आणि विटकरीच्या पुडीनं घाशी. कामवालीनं घासलं की पुन्हा स्वतः घाशी. मामी आजारी असताना एकदा माझ्या आईनं घासून दिलं, तर आईचे आभार मानून, ती जिन्यावर दिसेनाशी होईपर्यंत थांबून, तापात उठून तिनं ते पुन्हा घासलं. दुसऱ्यानं घासलेलं भांडं तिनं तसंच चुलीवर ठेवल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

या गोष्टी साऱ्या गल्लीला पाठ होत्या आणि गल्ली त्या प्रेमानं सांगत असे. मीसुद्धा. मी चारचौघांत बोलणारी नव्हे, पण मामीच्या गोष्टी सांगताना माझी भीड चेपे. वसतिगृहात माझी जी काय थोडी मैत्री झाली ती त्यांवरच झाली. मीठ धुण्याची गोष्ट मी फार चांगली सांगत असे.

उन्हाळ्याचे दिवस होते. वडील कचेरीत, आई साक्कोट्टैला तिच्या मावशीकडे गेलेली. दुपारचे दोन वाजले असतील. त्या वेळी आमची गल्ली उघड्या डोळ्यांनीसुद्धा झोपलेली असते. मी माडीच्या मागल्या खिडकीत ते फुगलेलं पुस्तक घेऊन बसले होते. खाली विहिरीवर मामी भांडं घासत होती. ती मधेच उठून देवघरात गेली. तेवढ्यात मागल्या बोळातून एक माणूस भिंतीवर चढला आणि आत उतरला. त्याच्या हातात लोखंडी पहार होती आणि खांद्यावर गोणपाटाची पिशवी. तो स्वयंपाकघरात गेला. मी ओरडायला हवं होतं. मी पुस्तक धरून तशीच बसून राहिले. तो बाहेर आला तेव्हा पिशवीत भांडी वाजत होती, आणि मामी देवघरातून परत येऊन विहिरीपाशी वाकून भांडं उचलत होती. दोघं समोरासमोर आली. मामीनं त्याच्या पायांकडे पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, "पाय धुतलेस का?"

त्यानं पहार उगारली. हे मी पाहिलं. पुढं इतक्या लोकांनी इतक्या कागदांवर इतकं काही लिहिलं, म्हणून हे एवढं मी इथे स्वच्छ लिहून ठेवते: आधी त्यानं पहार उगारली, डोक्याच्या वर, दोन्ही हातांनी. मग मामीच्या हातातलं भांडं फिरलं. एकदा त्याच्या हातावर बसलं, पहार खाली पडली. एकदा कपाळाच्या कडेला बसलं. तो खाली बसला, मग हात पोटाशी धरून उठला, मागल्या दाराची कडी एका हातानं काढून बोळात गेला. पिशवी, पहार आणि खांद्यावरचा पंचा तिथेच राहिला. फरशीवर रक्त होतं, भांड्यावर होतं, मामीच्या लुगड्यावर होतं.

मामीनं भांड्याकडे पाहिलं. मग ती चिंच आणायला आत गेली.

पुढचे तीन तास ती धूत होती. भांडं घासलं. विहिरीचा कट्टा घासला, फरशी घासली, भिंत घासली, दाराची कडी घासली. पिशवीतली भांडी काढून, विस्तवावर धरून, पाण्यातून काढून फळीवर जिथल्या तिथे लावली. पिशवी धुतली. पहार धुऊन परसाच्या कोपऱ्यात उभी केली. त्या माणसाचा पंचा धुतला, वाळत घातला, आणि वाळल्यावर त्याची चौकोनी घडी केली. लुगडं धुतलं, न्हाली, आणि पुन्हा न्हाली. मधे एकदा कपाळावरचा घाम पुसताना तिनं वर पाहिलं. ऊन तिच्या डोळ्यांवर होतं. मी तिला दिसले नसणार, असं मी धरून चालले.

साडेपाचाला वडील आले, तेव्हा ती ओसरीवर कोरड्या लुगड्यात बसली होती. "एक चोर आला होता," ती म्हणाली. "पोलिसांस सांगायला हवं. तुम्ही चला, मज एकटीस जायची लाज वाटते."

ठाण्यात काय झालं ते वडिलांनी घरी येऊन सांगितलं. सांगताना ते दोनदा हसले आणि दोन्ही वेळा मधेच थांबले. ठाण्याचा लेखनिक, ज्याला तिकडे रायटर म्हणतात, दौत पुढं ओढून म्हणाला, "कधी झालं अम्मा?"

"दोन वाजता."

"आता सहा वाजलेत. इतका वेळ काय करत होता?"

"घर धूत होते."

"लगेच का नाही आलात?"

"न्हाल्याशिवाय कशी येऊ?"

"आणि ज्यानं मारलं ते भांडं?"

"घासलं. चार वेळा."

"घासलं?" रायटरनं टाक खाली ठेवला. "कशानं?"

"चिंचेनं. तुमच्या घरी कशानं घासतात?"

पण मामीची तक्रार पहिली नव्हती. तो माणूस बोळाच्या तोंडाशी कोसळला होता, लोकांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं होतं, आणि मारामारीतला जखमी आला की दवाखान्यानं ठाण्याला चिठ्ठी पाठवायची असते, तशी ती तीन वाजताच गेली होती. हवालदार जाऊन त्याचा जबाब घेऊनही आला होता. त्यामुळे वहीत पहिली खबर त्याची होती. हाताचं हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत. डॉक्टरांचा दाखला तिला जोडलेला होता. मामीची तक्रार तिच्याखाली गेली, उलट तक्रार म्हणून. जबाबात त्यानं सांगितलं होतं की तो विहिरींचा गाळ काढणारा, काम विचारायला मागल्या दारी गेला, तहान लागली म्हणून तिथल्या भांड्याला हात लावला, आणि बाई त्या भांड्यानंच त्याच्यावर तुटून पडली.

माझ्या मते तो माणूस हुशार होता. आमच्या गल्लीत त्यानं आठ दिवस तरी टेहळणी केली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर पंचनाम्याला आले. तिकडे त्याला महजर म्हणतात. इन्स्पेक्टर तरुण होते, चांगले बोलणारे. ओट्यावर चढण्यापूर्वी बूट काढले. पंच म्हणून समोरचे निवृत्त मास्तर आणि कोपऱ्यावरचा पानवाला यांना बोलावलं. हवालदार मोठ्यानं सांगत गेला आणि रायटर लिहीत गेला. भिंतीवर चढल्याच्या खुणा: नाहीत, भिंत धुतलेली आहे. फरशीवर रक्त: नाही. चोरीला गेलेला माल: नाही, सर्व भांडी फळीवर आहेत. लोखंडी पहार एक, स्वच्छ, घरमालकिणीच्या परसात उभी. गोणपाटाची पिशवी एक, धुतलेली, घरमालकिणीच्या दोरीवर. पंचा एक, घडी घातलेला.

"ही घडी कुणी घातली?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मी," मामी म्हणाली.

"चोराच्या पंच्याची?"

"मग काय चुरगळलेला परत देऊ?"

सगळे हसले. इन्स्पेक्टरही हसले. आणि मग मास्तरांना वाटलं की वातावरण हलकं करावं, मामी कशी भोळी आहे ते साहेबांना कळावं. त्यांनी पत्रांवर पाणी शिंपडण्याची गोष्ट सांगितली. पानवाल्यानं सरपणाची सांगितली. कडेला उभ्या असलेल्या कुणीतरी नगरपालिकेच्या साहेबांची सांगितली. मीठ धुण्याची गोष्टसुद्धा निघाली. माझ्याइतकी चांगली नाही सांगता आली, पण निघाली. इन्स्पेक्टर डोळे पुसत हसत होते आणि रायटर लिहीत होता. शेवटी वाचून दाखवलं तेव्हा त्यात हसण्याजोगं काहीही नव्हतं. सदर बाईस बाहेरच्या कोणाचाही स्पर्श सहन होत नाही असे शेजाऱ्यांचे एकमुखी म्हणणे आहे. मास्तर म्हणाले, "मी असं म्हटलं नव्हतं हो." रायटर म्हणाला, "सार तेच आहे." त्यांनी सही केली. इतकी वर्षं साऱ्यांनी मिळून प्रेमानं जे घडवलं होतं, ते सरकारी कागदावर चार ओळींत बसलं, आणि त्या माणसाच्या जबाबाशी ते नेमकं जुळलं.

मी जिन्याच्या दाराआड उभी होते. इन्स्पेक्टरांनी मामीला विचारलं, "त्यानं पहार उगारली असं तुम्ही म्हणता. कुणी पाहिलं?"

मामी लगेच म्हणाली, "कोण पाहणार? त्या वेळी सगळा गाव झोपतो."

"माडीवर कोण असतं?"

वडील पुढं झाले. "मी कचेरीत होतो. पत्नी गावाला. मुलगी झोपली होती." त्यांनी मला विचारलेलं नव्हतं. विचारायची गरज त्यांना वाटली नाही, की विचारायची हिंमत झाली नाही, हे मला माहीत नाही. बंगळूरच्या एका घराशी माझं जुळत आलं होतं. जिचं नाव पोलिसांच्या कागदावर आहे, जी कोर्टात पिंजऱ्यात उभी राहून बोलली आहे, अशी मुलगी बंगळूरच्या त्या घरात जात नाही. वडील वाईट नव्हते. ते घाबरट होते, आणि ते मी त्यांच्याकडूनच घेतलं आहे.

इन्स्पेक्टरांची नजर माझ्याकडे वळली. मी कॉन्व्हेंटची आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी झोपले होते का.

"येस, सर," मी म्हणाले.

ते मान हलवून कौतुकानं हसले. माझे उच्चार चांगले आहेत.

मग त्यांनी बाकीच्या वस्तूंबरोबर भांडंही जप्त केलं. शिपाई ते उचलायला वाकला तशी मामी म्हणाली, "हात धुवून घे." तो इन्स्पेक्टरांकडे पाहू लागला. रायटरचा टाक हललेला मी पाहिला. भांडं गोणपाटात बांधलं, गाठीवर लाख लावली, आणि त्या गाठोड्यामागून मामी ठाण्यापर्यंत चालत गेली. तिथे तिला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. वडील जामीन राहिले. तेवढं त्यांनी केलं, आणि ते केल्याबद्दल सगळ्या गल्लीनं त्यांना चांगलं म्हटलं.

वकील तिरुभुवनमचे होते, सज्जन, पान खाणारे. त्यांनी आमच्याच माडीवर बसून वडिलांना समजावून सांगितलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या जिवावर बेतलं असताना हात उचलायचा हक्क कायदा देतो. त्यात काही अडचण नाही. अडचण एवढीच की जिवावर बेतलं होतं हे कुणीतरी दाखवून द्यायला हवं. पहार परसात सापडली, पण ती बाईंची नव्हे कशावरून? पिशवी धुतलेली आहे. माल फळीवर आहे. रक्त चिंचेनं घासून टाकलं. सरकारी वकील त्याला पुरावा नाहीसा करणं म्हणेल. "एकानं, अगदी एका माणसानं जरी पाहिलं असतं," ते म्हणाले, "तर हा खटला मी चहा थंड व्हायच्या आत संपवला असता." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पेले ठेवले आणि आत गेले.

मामीची तक्रार पोलिसांनी महिन्याभरात निकालात काढली. एकही भांडं गेलेलं नसताना चोरी कसली, असा शेरा होता. तिच्यावरचा खटला मात्र तारखांमागून तारखा चालत राहिला. गल्लीनं मामीच्या गोष्टी सांगायचं बंद केलं. लोक अजून प्रेमानंच वागत, पण दारातून. ओट्यावर कुणी बसेना. बसलं तर मामीनं बादली आणायच्या आतच पाय वर घेऊन बसे आणि मग ती बादली तशीच परत नेई.

शेवटी वकिलांनीच तडजोडीची वाट काढली. फिर्यादीची हरकत नसेल आणि कोर्टानं परवानगी दिली तर असा खटला मिटवता येतो. बाईंनी भर कोर्टात त्या माणसाची माफी मागायची. मामीनं विचारलं, "माफी मागितली की मज भांडं देतील?" वकील म्हणाले, देतील. वडील तिच्याबरोबर गेले होते. त्या माणसाचा हात अजून गळ्यात बांधलेला होता. मामीनं वकिलांनी शिकवलेलं वाक्य तमिळमध्ये म्हटलं, माझी चूक झाली, क्षमा करा. तिचा आवाज इतका बारीक होता की मॅजिस्ट्रेटनी पुन्हा म्हणायला सांगितलं. तिनं पुन्हा म्हटलं. बाहेर आल्यावर तिनं त्या माणसाला गाठून घडी घातलेला पंचा दिला. तो पंचा जप्तीतून कसा सुटला होता ते देव जाणे. मामीनं तो पदराखाली आणला होता. त्यानं तो घेतला आणि तोंड फिरवून गेला, असं वडील म्हणाले. मग ते म्हणाले, "त्यालाही लाज वाटली असावी."  त्याच आठवड्यात बंगळूरहून पत्र आलं. पत्रिका जमत नव्हती. पहिल्यापासूनच जमत नव्हती, त्यांच्या जोशीबुवांनी उशिरा पाहिली, इतकंच.

भांडं परत आलं ते कोर्टाच्या मालखान्यातून, चिकटवलेल्या चिठ्ठीसकट, आणि पोटावर तांबड्या रंगात काढलेल्या आकड्यासकट. काळं पडलं होतं. मामीनं ते घासलं नाही. जिन्याखाली ठेवून दिलं आणि पितळेच्या पातेल्यात भात शिजवू लागली. हळूहळू आमच्या लक्षात आलं की ती पत्रं टपालवाल्याच्या हातून सरळ हातात घेते. सरपण कोरडं जातं, चूल चटकन पेटते. तसबिरीवर धूळ बसली होती. त्या धुळीमुळे यजमान पुन्हा जरा दिसू लागले होते.

वडिलांची कोइमतूरला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी खाली गेले. मामी विहिरीपाशी नुसती बसली होती. मी जिन्याखालून भांडं काढलं, चिंच भिजवली, आणि तिच्यासमोर बसून घासायला लागले. चिठ्ठी निघाली. आकडा निघेना. मामी पाहत होती.

"मामी," मी म्हणाले, "मी झोपले नव्हते."

"मज ठाऊक आहे गे."

माझे हात थांबले.

"खिडकी उघडी होती," ती म्हणाली. "पुस्तक दिसत होतं. तुझं ते जाडं झालेलं."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

तिनं चिंच माझ्याकडे सरकवली. "त्यांच्या वहीत काय लिहितात ते तू पाहिलंस. मी म्हातारी. तुज कशाला त्यात घालायची?" आणि मग, जरा रागानं, "तळाशी राहिलं बघ. तिकडून घास."

मी तिकडून घासलं. माझं रडू आवाज न करणारं आहे हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं तिकडे पाहिलं नाही. भांडं जमेल तितकं उजळलं. आकड्याची लाली काशात मुरली होती, ती राहिली. मी ते तिच्या हातात दिलं. तिनं ते फिरवून पाहिलं, उन्हात धरलं, तळ पाहिला. मग आत गेली, त्यात तांदूळ घातले, पाणी घातलं, आणि चुलीवर ठेवलं. पुन्हा घासलं नाही. विसळलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे जेवले. आज इतक्या दिवसांनी मामीची गोष्ट सांगायला बसले, आणि एवढं एकच मला अजून ठरवता आलेलं नाही: ते भांडं तिनं तसंच चुलीवर ठेवलं ते मी घासलं होतं म्हणून, की तोपर्यंत तिनं धुणंच सोडून दिलं होतं म्हणून. भात नेहमीसारखाच झाला होता.